षड्ज सोडा, गंधार धरा

वाचकाचे पत्र थोडक्यात असे: "मी गेली सोळा वर्षे गिटार वाजवतो. सुरुवात गाण्यांना साथ करण्यापासून झाली, नंतर आठ-नऊ वर्षे रॉक बँडमध्ये गेली, आणि मधल्या काळात ब्लूज व फिंगरस्टाइलही बऱ्यापैकी हाताखालून गेले. सात महिन्यांपूर्वी जॅझकडे वळलो. कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या गटांच्या, आकृत्यांचा एक जाडजूड संग्रह घेतला आणि दर आठवड्याला सात-आठ नवे आकार पाठ केले. आज दोनशेच्या आसपास आकार पाठ आहेत, पण एकही रचना सलग वाजवता येत नाही. प्रत्येक कॉर्डसाठी उडी मारावी लागते, मनगट भरून येते, आणि बेस वाजवणारा माझा मित्र म्हणतो की, तू वाजवायला लागलास की मला जागाच उरत नाही. आधी थिअरी पूर्ण करावी का? जॅझची म्हणतात तशी पोकळ गिटार घ्यावी का? की चाळिशी उलटल्यावर हा नाद सोडूनच द्यावा?"

आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आपले नसून आपल्या मित्राचे आहे. दोनशे आकार पाठ असूनही एक रचना का जमत नाही, याचे उत्तर त्याने नकळत देऊन टाकले आहे: आपण गरजेपेक्षा जास्त सूर वाजवता. म्हणून मी आपल्याला दोनशे एकावा आकार सुचवणार नाही. ठाऊक असलेल्या आकारांतून काय काढून टाकावे, याबद्दलच मला मुख्यतः लिहायचे आहे.

आपण ज्या शैलींतून आला आहात, त्यांनी हाताला एक सवय लावली आहे. कॉर्ड म्हणजे भरलेली मूठ, ही ती सवय. एकट्या गायकाला साथ करताना ती योग्यच असते, कारण तळाचा सूर, मधला भरणा आणि ताल हे तिन्ही गिटारलाच सांभाळायचे असते. पण त्या मुठीत नेमके काय असते ते एकदा मोजून पाहावे. पहिल्या फ्रेटवरची, म्हणजे पहिल्या घरातली, एफ मेजरची बार कॉर्ड घ्या, जिच्यात तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरतात. सहा तारांवर सहा सूर वाजतात, पण त्यांत एफ तीनदा येतो, सी दोनदा येतो आणि ए फक्त एकदा. आपल्या परिचयाच्या सरगमच्या भाषेत सांगायचे तर षड्ज तीनदा, पंचम दोनदा आणि गंधार एकदा. कॉर्ड मेजर आहे की मायनर हे ज्या एका सुरावरून कळते, तोच सूर एवढ्या गर्दीत एकदा हजेरी लावतो. रॉकमध्ये तर तोही गेला, कारण ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे मुद्दाम फाटक्या केलेल्या, आवाजात गंधार घातला की नाद गढूळ होतो. म्हणून पॉवर कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम एवढेच उरतात.

जॅझमधली गिटार याच्या बरोबर उलट चालते. तिथे प्रथम पंचमाला रजा मिळते, बेस सोबत असेल तर षड्जालाही मिळते, आणि जे उरतात ते गंधार आणि निषाद. कॉर्डचा स्वभाव या दोघांत असतो. दोन्ही शुद्ध असले की मेजर सेव्हन, दोन्ही कोमल असले की मायनर सेव्हन, आणि गंधार शुद्ध पण निषाद कोमल असला की डॉमिनंट सेव्हन, जिला नुसते 'सेव्हन' म्हणतात. मी सरगमची नावे मुद्दाम वापरतो आहे, कारण त्यामुळे पुढची गंमत लवकर ध्यानात येते: इथे प्रत्येक कॉर्डचा षड्ज वेगळा असतो, आणि षड्ज बदलला की तोच सूर नाव बदलतो.

आता गिटार हातात घ्या (सर्वांत जाड तार सहावी, सर्वांत बारीक पहिली). पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर तिसरा आणि तिसरीवर पाचवा दाबा; बाकीच्या तारा मुक्या ठेवा. ही डी मायनर सेव्हन. त्यानंतर सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर चौथा. ही जी सेव्हन. शेवटी पाचव्या तारेवर तिसरा, चौथीवर दुसरा, तिसरीवर चौथा. ही सी मेजर सेव्हन. या तीन-तीन सुरांच्या आकारांना शेल कॉर्ड म्हणतात, म्हणजे आतला गर काढून उरलेली करवंटी. बेसचा सूर क्षणभर विसरून फक्त चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे पाहा. पहिल्या कॉर्डकडून दुसरीकडे जाताना चौथी तार जागची हलत नाही आणि तिसरी एक फ्रेट खाली येते. दुसरीकडून तिसरीकडे जाताना तिसरी तार स्थिर राहते आणि चौथी एक फ्रेट खाली येते. एका वेळी एकच बोट, तेही एकच घर. डीचा कोमल गंधार जागेवरच बसून जीचा कोमल निषाद होतो आणि मग अर्धा सूर उतरून सीचा शुद्ध गंधार होतो. दुसरीकडे डीचा कोमल निषाद उतरून जीचा गंधार होतो आणि तिथेच थांबून सीचा निषाद होतो. आपल्याला ज्या उड्या माराव्या लागतात, त्या संगीतात मुळात नाहीतच. प्रत्येक कॉर्ड सुटे चित्र म्हणून पाठ केल्यामुळे त्या आपल्या हातात शिरल्या आहेत.

हे लिहिताना मला माझीच एक फजिती आठवते. पहिल्यांदा बेस आणि ड्रम्स यांच्याबरोबर बसलो तेव्हा मोठ्या तयारीने पाच-पाच सुरांच्या कॉर्ड्स पेरत होतो. दोन रचना झाल्यावर बेसवादकाने शांतपणे विचारले, "तुम्ही माझा वाटा वाजवणारच असाल, तर मी चहा पिऊन येऊ का?" त्या दिवशी राग आला, पण पुढच्या बैठकीत सहावी आणि पाचवी तार पूर्ण सोडून वाजवले, तेव्हा तोच मनुष्य मान डोलावत होता.

कमी सुरांनी काम भागते का, अशी शंका आली तर गिटारवादक फ्रेडी ग्रीन यांचे वादन ऐकावे. १९३७ मध्ये ते काउंट बेसी यांच्या ऑर्केस्ट्रात आले आणि १९८७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. पितळी वाद्यांच्या त्या भल्यामोठ्या ताफ्यात ते विजेच्या जोडणीविना गिटार वाजवत, प्रत्येक मात्रेला एक ठोका, म्हणजे चार मात्रांच्या दर बारमध्ये चार. त्या ठोक्यात पुष्कळदा दोन-तीनच सूर असत, आणि कधी कधी तर चौथ्या तारेवरचा एकच सूर स्पष्ट ऐकू येई. तरीही ऑर्केस्ट्राची लय त्या गिटारवर टेकलेली असे.

तेव्हा पुढचे दोन महिने तो जाडजूड संग्रह कपाटात ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. वर दिलेली तीन कॉर्ड्सची साखळी सगळ्या बारा स्वरांवर फिरवा. सीनंतर एफ, मग बी फ्लॅट, मग ई फ्लॅट, असे चौथ्या-चौथ्या सुराने पुढे जात राहिलात की बारा पावलांत परत सीवर येता. साखळीचे दुसरे रूपही बसवून घ्या, ज्यात पहिल्या कॉर्डचा षड्ज सहाव्या तारेवर येतो. उदाहरणार्थ, सी मायनर सेव्हनसाठी सहावी, चौथी आणि तिसरी या तिन्ही तारा आठव्या फ्रेटवर दाबायच्या. एफ सेव्हनसाठी पाचवीवर आठवा, चौथीवर सातवा, तिसरीवर आठवा. आणि बी फ्लॅट मेजर सेव्हनसाठी सहावीवर सहावा, चौथी व तिसरी दोन्ही सातव्यावर. या दोन रूपांवर आपले बहुतेक काम होईल. एवढे जमले की एक पायरी पुढे जा: षड्ज वाजवू नका, तो तोंडाने म्हणा, आणि हातांनी फक्त चौथ्या व तिसऱ्या तारेवरची जोडी वाजवा. सुरुवातीला हे विलक्षण अवघड जाते आणि थोडे हास्यास्पदही वाटते, पण कान आणि बोटे यांची गाठ घालून देणारा याहून चांगला सराव मला तरी सापडलेला नाही.

याच जोडीत आणखी एक खुबी दडलेली आहे, तीही पाहून ठेवा. जी सेव्हनमधले एफ आणि बी हे दोन सूर जसेच्या तसे धरून ठेवा आणि सहाव्या तारेवरचा जी सोडून पाचव्या तारेवरचा चौथा फ्रेट वाजवा. झाली डी फ्लॅट सेव्हन. जीचा कोमल निषाद डी फ्लॅटचा गंधार झाला आणि जीचा गंधार त्याचा निषाद झाला; दोघांनी फक्त खुर्च्या बदलल्या. ज्याला ट्रायटोन सब्स्टिट्यूशन असे भारदस्त नाव आहे, ती गोष्ट एवढीच. ती वापरली की बेसचा सूर डी, डी फ्लॅट, सी असा पायरी-पायरीने उतरतो.

मग नाइन, थर्टीन, फ्लॅट थर्टीन या लांबलचक नावांच्या कॉर्ड्सचे काय, असे आपण विचाराल. त्या शेल कॉर्डवर दुसऱ्या तारेचा एक सूर ठेवला की तयार होतात. डी मायनर सेव्हनच्या आकारात दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट मिळवा: डी मायनर नाइन. तेच बोट तिथेच ठेवून खाली जी सेव्हनचा आकार आणा: जी थर्टीन. आता ते बोट चौथ्या फ्रेटवर उतरवा: जी सेव्हन फ्लॅट थर्टीन. शेवटी तिसऱ्या फ्रेटवर उतरवून खाली सी मेजर सेव्हन घ्या: सी मेजर नाइन. आपल्या संग्रहात या चार कॉर्ड्स बहुधा चार वेगवेगळ्या पानांवर असतील. इथे मात्र दुसऱ्या तारेवर ई, ई, ई फ्लॅट, डी अशी एक छोटी सुरावट उतरते आहे आणि खालचे दोन सूर तिला टेकू देत आहेत. कानाला ही सुरावट आधी ऐकू येऊ द्यावी आणि कॉर्डचे नाव मागाहून यावे. क्रम उलटा झाला की नावे पाठ होतात, वाजवणे मात्र राहून जाते.

आपल्याकडे आधीपासून असलेल्या आकारांनाही नवे काम देता येते. आपण वर्षानुवर्षे वाजवलेल्या ई मायनर सेव्हनमध्ये ई, जी, बी, डी हे चार सूर असतात. बेसवादकाने खाली सी धरला, तर हेच चार सूर सीचे गंधार, पंचम, निषाद आणि रिषभ होतात, म्हणजे ती षड्जाविना वाजवलेली सी मेजर नाइन झाली. अशा जोड्या पुष्कळ आहेत. स्वतः शोधण्यात अधिक मजा आहे, म्हणून त्यांची यादी देत नाही.

पहिली पूर्ण रचना कोणती घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपण ब्लूज वाजवला आहे, तेव्हा बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा तो साचा आपल्या अंगात आहे. तोच बी फ्लॅटमध्ये घ्या, कारण जॅझवाले तो तिथे फार वाजवतात. बी फ्लॅट सेव्हनसाठी सहावीवर सहावा, चौथीवर सहावा, तिसरीवर सातवा. आणि ई फ्लॅट सेव्हनसाठी पाचवीवर सहावा, चौथीवर पाचवा, तिसरीवर सहावा. एकीकडून दुसरीकडे जाताना आतले दोन्ही सूर एकेक घर उतरतात आणि परत येताना एकेक घर चढतात. आपल्या ओळखीच्या ब्लूजमध्ये नवव्या आणि दहाव्या बारला एफ सेव्हन आणि ई फ्लॅट सेव्हन येतात; जॅझमध्ये त्या जागी सामान्यतः सी मायनर सेव्हन आणि एफ सेव्हन येतात, ज्यांचे आकार मी वर दिलेच आहेत. तिथून बी फ्लॅट सेव्हनवर उतरताना चौथी तार आठ, सात, सहा अशी चालते आणि तिसरी आठ, आठ, सात. आठव्या बारला जी सेव्हन येते; पाचवीवर दहावा, चौथीवर नववा, तिसरीवर दहावा अशी घेतली, तर तिथूनही हात सहज घसरत सी मायनरवर येतो. एवढ्या सामग्रीवर आपण मित्राबरोबर अर्धा तास सलग वाजवू शकता, आणि सात महिन्यांत न मिळालेली गोष्ट कदाचित पहिल्याच संध्याकाळी मिळेल.

लयीबद्दल आपण काहीच विचारलेले नाही, आणि नेमके म्हणूनच लिहितो. दुसऱ्या शैलींतून आलेल्या वादकाच्या कॉर्ड्स जॅझसारख्या वाटत नाहीत, याचे कारण अनेकदा सुरांत नसून उजव्या हाताच्या स्ट्रमिंगमध्ये असते. खाली-वर सतत फिरणारा हात थांबवावा लागतो. मेट्रोनोम पन्नासवर लावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी व चौथी मात्रा आहे असे धरा. लय आपोआप शंभरची होते आणि पहिल्या मात्रेची जबाबदारी आपल्यावर येते. आधी चारही मात्रांना एकेक छोटा ठोका वाजवा आणि ठोका होताच डाव्या हाताची बोटे तारेवरून न उचलता सैल सोडा, म्हणजे नाद लगेच मिटेल. रॉकमध्ये तारा दाबून मुक्या करण्याची कला आपण कमावली आहेच. ती इथे डाव्या हातात आणायची. पुढे हे ठोके विरळ करत न्या. एखाद्या बारमध्ये एकच ठोका पडला किंवा एकही पडला नाही, तरी काही बिघडत नाही. आपल्या फिंगरस्टाइलच्या बोटांचाही इथे मोठा फायदा आहे, कारण तीन-चार तारा एकदम चिमटीत खेचल्या की सगळे सूर पियानोसारखे एकाच क्षणी उमटतात. स्ट्रमिंगमध्ये ते एकामागून एक सांडतात.

थिअरी आधी पूर्ण करावी का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे, एवढ्याचसाठी की ती पूर्ण होत नाही. सहाव्या आणि पाचव्या तारेवरचे सगळे सूर न अडखळता सांगता येणे, आणि कोणत्याही षड्जापासून त्याचे दोन गंधार व दोन निषाद कुठे आहेत हे दिसणे, एवढी शिदोरी सध्या पुरे. एक किरकोळ पण उपयोगी गोष्ट मात्र सांगून ठेवतो. गाण्याची चाल षड्जावर थांबलेली असताना मेजर सेव्हन वाजवू नये, कारण आपला निषाद आणि गायकाचा षड्ज यांत अर्ध्या सुराची कचकच होते. सीवर असाल तर तिसऱ्या तारेवरचे बोट चौथ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर आणा. निषादाच्या जागी धैवत येतो, ती सी सिक्स होते आणि भांडण मिटते.

दोन महिन्यांनी तो संग्रह पुन्हा उघडायला हरकत नाही, पण तेव्हा त्यातला एकच विभाग उघडा: वरच्या चार तारांवरच्या ड्रॉप टू कॉर्ड्स. सी, ई, जी, बी हे सूर असे लगोलग रचले, तर गिटारवर बोटे विचित्र ताणली जातात. म्हणून वरून दुसरा असलेला जी एक सप्तक खाली टाकतात. मग चौथी, तिसरी आणि दुसरी या तारा पाचव्या फ्रेटवर आणि पहिली सातव्यावर, असा सुटसुटीत आकार मिळतो. प्रत्येक तारेवर त्याच कॉर्डच्या पुढच्या सुराकडे सरकलात की दुसरा आकार मिळतो: चौथी व तिसरी नवव्या फ्रेटवर, दुसरी व पहिली आठव्यावर. असे चार आकार होतात. हे स्वतः मोजून काढा, पुस्तकातून उतरवू नका. याला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

मनगटाचे म्हणाल, तर मला त्यात बार कॉर्डचाच हात दिसतो. तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून धरण्याची गरज वर सांगितलेल्या कोणत्याही आकाराला नाही. मधली नको असलेली तार बोटाच्या शेंड्याच्या ओझरत्या स्पर्शाने मुकी करावी, दाबून नव्हे. सराव वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे करून करा. आणि दुखणे सरावानंतरही टिकत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर गिटार बाजूला ठेवून डॉक्टरांना हात दाखवा. वयाचा प्रश्न मात्र मी मनावर घेत नाही. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९२८ च्या आगीत कायमची जायबंदी झाली होती. सुरावटी त्यांनी मुख्यतः उरलेल्या दोन बोटांनी वाजवल्या आणि कॉर्ड्सचे आकार त्या हाताला झेपतील असे स्वतः बसवले. आपल्याकडे चार बोटे आणि सोळा वर्षांची लय आहे.

पोकळ गिटारीची घाई करू नका. आहे त्याच इलेक्ट्रिक गिटारवर मानेकडचा पिकअप निवडा, टोनची खुंटी निम्म्याहून थोडी खाली आणा आणि ओव्हरड्राइव्ह पूर्ण बंद करा. मग मित्राला बोलावून बी फ्लॅटचा तोच ब्लूज लावा. पहिली दोन आवर्तने षड्जासकट वाजवा, नंतर काही न सांगता सहावी आणि पाचवी तार सोडून द्या, आणि तो काय वाजवू लागतो ते ऐका.